ऑफ-रोड वाहनातील सामानाची मांडणी
ऑफ-रोड वाहनातील सामानाची मांडणी म्हणजे कच्च्या व खडकाळ वाटेवरील प्रवासाचे साहित्य वाहनाचा तोल न बिघडवता ठेवण्याची पद्धत होय.

सामान जितके उंचावर, तितका वाहनाचा गुरुत्वमध्य वर सरकतो आणि आडव्या उतारावर वाहन उलटण्याचा धोका वाढतो. त्यामुळे पाणी, अवजारे अशा जड वस्तू तळाशी, पुढील व मागील आसांच्या दरम्यान ठेवतात. 20 लिटरच्या कॅनमधील पाण्याचेच वजन 20 किलोग्रॅम भरते. टपावर तंबू, अंथरुणे यांसारख्या हलक्या वस्तू बांधतात. टपाची भारक्षमता वाहन उभे असताना जास्त, तर चालताना कमी असते. लँड रोव्हर डिफेंडर 110 मध्ये ती अनुक्रमे 300 व 168 किलोग्रॅम आहे. टपावरील कॅरियरचे वजनही या भारात धरले जाते.

अचानक ब्रेक लागल्यास किंवा वाहन उलटल्यास सुटे सामान प्रवाशांवर आदळते. म्हणून ते पट्ट्यांनी आवळून बांधतात व आसनांमागे मजबूत जाळी बसवतात. प्रथमोपचार पेटी, अग्निशामक आणि वाहन ओढण्याचा पट्टा आसनाजवळ ठेवतात. कारण वाहन रुतल्यावर किंवा कलंडल्यावर मागचा दरवाजा उघडेलच असे नसते.