बॉयलर कुणाच्या नावावर?

भारतात स्वतःला इंजिनियर म्हणवून घ्यायला कुणाची परवानगी लागत नाही. डॉक्टरची नोंद मेडिकल कौन्सिलकडे, वकिलाची बार कौन्सिलकडे, आर्किटेक्टसाठी 1972 चा स्वतंत्र कायदा. इंजिनियरला देशभर लागू होणारं असं काही नाही, दारावर पाटी लावली की झालं. बॉयलरच्या बाबतीत मात्र ही ढिलाई चालत नाही. तो प्रमाणपत्र असलेल्या माणसाच्या ताब्यातच चालवावा लागतो. माझी सगळी नोकरी साखर कारखान्यांच्या बॉयलर हाउसमध्ये गेली आणि आता मुक्काम मांजरी बुद्रुकला. त्यामुळे आसपासची डिप्लोमावाली पोरं माझ्याकडे येऊन विचारतात, "काका, डिग्री नाही. मग पुढं काय?"

आमच्या काळी याला एक ठरलेलं उत्तर होतं, एएमआयई. कोलकात्यात मुख्यालय असलेल्या इन्स्टिट्यूशन ऑफ इंजिनियर्सची परीक्षा. नोकरी सांभाळून सेक्शन ए, सेक्शन बी काढायचे आणि डिग्रीच्या बरोबरीला यायचं. पण 31 मे 2013 नंतर नाव नोंदवलेल्यांना ती बरोबरी मिळत नाही. काही क्लासवाले ही गोष्ट फी भरून घेतल्यावर सांगतात, म्हणून मी आधीच सांगून टाकतो.

जगात साधारण तीन पायऱ्या मानतात: चार वर्षं शिकलेला इंजिनियर, तीन वर्षांचा टेक्नॉलॉजिस्ट आणि दोन वर्षांचा टेक्निशियन. मधल्या पायरीच्या शिक्षणाला देशादेशांत मान्यता मिळावी म्हणून 2001 साली सिडनी करार झाला. आपण 2014 मध्ये वॉशिंग्टन कराराचे पूर्ण सदस्य झालो, पण तो चार वर्षांच्या डिग्रीचा. मधल्या पायरीवरचा माणूस आपल्याकडे नसतो असं नाही. रात्रपाळीला कुठल्याही कारखान्यात जा, पॅनवर, मिलवर, बॉयलरवर तोच उभा असतो.

साखर धंद्याने या माणसाची सोय बरीच आधी केली. कानपूरची साखर संस्था 1936 ची, आणि आपल्या पुण्यातली डेक्कन शुगर टेक्नॉलॉजिस्ट्स असोसिएशनही त्याच सालची. मांजरीची संस्था 1975 मध्ये डेक्कन शुगर इन्स्टिट्यूट म्हणून उभी राहिली आणि 1989 मध्ये तिला वसंतदादांचं नाव मिळालं. केमिस्ट्री घेऊन बीएस्सी झालेला पोरगा इथून शुगर टेक्नॉलॉजी करून बाहेर पडतो आणि कारखान्यात मॅन्युफॅक्चरिंग केमिस्टच्या वाटेला लागतो. मेकॅनिकलवाल्यासाठी मात्र मी बॉयलरचा आग्रह धरतो. आयटीआयचा पोरगा असेल तर बॉयलर अटेंडंट, आधी सेकंड क्लास, मग फर्स्ट. डिप्लोमावाल्याने थेट बीओईवर, म्हणजे बॉयलर ऑपरेशन इंजिनियरच्या प्रवीणता प्रमाणपत्रावर नजर ठेवावी. डिग्रीवाल्यापेक्षा त्याला अनुभव जास्त वर्षांचा लागतो, पण परीक्षा तीच आणि हातात पडणारा कागदही तोच. डिप्लोमा आणि डिग्री एका रांगेत बसवणाऱ्या जागा आपल्याकडे फार नाहीत.

परीक्षा राज्याच्या बाष्पके संचालनालयाकडून होते. लेखी पाठ करून निघते. पोरं अडकतात ती तोंडीला. एक प्रश्न मी प्रत्येकाला आधी विचारतो: गेज ग्लासमध्ये पाणी दिसत नाही, काय करशील? दहातले आठ जण म्हणतात, फीड पंप वाढवीन. बस्स, तिथंच नापास. आधी ग्लास ब्लो करून पाहायचा. ड्रेन उघडून वाफेचा आणि पाण्याचा कॉक आळीपाळीने बंद करायचा, म्हणजे वाट तुंबलीय की पाणीच खाली गेलंय हे कळतं. पाणी खरंच गेलं असेल तर बगॅसचे फीडर बंद, एफडी फॅन बंद, आग मारायची. पाणी सोडायचं नाही. कोरड्या पडलेल्या ट्यूब लालबुंद झालेल्या असतात. त्यांच्यावर पाणी गेलं तर एकदम वाफ होते आणि तापलेलं लोखंड आकसून फाटतं. पूर्वी आमचे बॉयलर 21 किलोच्या प्रेशरचे होते. आता सहवीजनिर्मितीमुळे 67, 87, कुठं कुठं 110 किलोचे आहेत. तिथं पंपाच्या बटणाकडे गेलेला हात कुणाला भारी पडेल, वेगळं सांगायला नको.

हा कडकपणा उगाच आलेला नाही. 1863 मध्ये कलकत्त्यात बॉयलरचा मोठा स्फोट झाला आणि पुढच्याच वर्षी बंगालने तपासणीचा कायदा केला. देशभराचा कायदा 1923 चा. तो शंभरी ओलांडून गेला आणि 2025 मध्ये त्याच्या जागी नवा आला. त्यातही प्रमाणपत्रधारकाची अट कायम आहे. हंगामाच्या तोंडावर अग्निप्रदीपनाला चेअरमन सपत्नीक पूजेला बसतात, फोटो त्यांचा छापून येतो. पुढं काही झालं तर इन्स्पेक्टर मात्र पहिल्यांदा बीओईचा कागद मागतो. पगार वाढतो तो याच्यामुळे, आणि झोप उडते तीही याच्यामुळेच.

पोरांची खरी अडचण अभ्यासाची नसतेच, अनुभवाच्या पत्राची असते. बरेच जण कंत्राटदाराच्या मस्टरवर असतात. कंत्राटदाराने "आमच्याकडे कामाला होता" असं लिहून दिलेल्या चिठ्ठीला काडीची किंमत नाही. पत्र कारखान्याच्या लेटरहेडवर हवं. त्यात बॉयलरचा नोंदणी क्रमांक, हीटिंग सरफेस, कामाच्या तारखा आणि नेमकं काम काय केलं ते हवं. नुसतं "बॉयलर विभाग" लिहिलं तर ते बॉयलर चालवणं धरलं जाईलच असं नाही. राखेच्या पट्ट्यावर उभा राहणाराही बॉयलर विभागातलाच. आणि पत्र ऑफ-सीझनमध्ये मागायला जाऊ नका. तोवर चीफ इंजिनियर दुसऱ्या कारखान्याला गेलेले असतात आणि नवे साहेब म्हणतात, मी तुला पाहिलेलंच नाही. गाळप चालू असताना, लॉगबुकात तुमच्या सह्या ताज्या असतानाच ते पदरात पाडून घ्या.