मुंबई राज्यातील दारूबंदी आणि संघटित गुन्हेगारी : एक अभ्यास

प्रस्तावना :
दारूबंदी हा गांधीवादी विधायक कार्यक्रमाचा महत्त्वाचा भाग होता. राज्यघटनेच्या कलम 47 मध्येही तिचा निर्देश आहे. तथापि बंदीमुळे मागणी संपत नाही, ती केवळ कायद्याबाहेर जाते. ही मागणी पुरविणाऱ्यांचे संघटन कसे उभे राहते, हे प्रस्तुत लेखात मुंबईच्या उदाहरणावरून पाहावयाचे आहे.

अमेरिकेतील पूर्वानुभव :
अमेरिकेत 1920 ते 1933 या काळात दारूबंदी होती. शिकागोमध्ये अल कपोनच्या टोळीने दारूचे उत्पादन, वाहतूक व विक्री एका सूत्रात बांधली आणि पोलीस व राजकारणी यांना पैशाने वश केले. 1931 मध्ये कपोनला शिक्षा झाली ती प्राप्तिकर चुकविल्याबद्दल.

मुंबईचा अनुभव :
1939 मध्ये खेर मंत्रिमंडळाने मुंबई शहरात दारूबंदीचा प्रयोग केला. पुढे मुंबई दारूबंदी अधिनियम 1949 संमत झाला व 1950 मध्ये राज्यात संपूर्ण दारूबंदी आली. मोरारजी देसाई हे या धोरणाचे खंदे पुरस्कर्ते होते. (उस्मानाबाद जिल्हा त्या वेळी हैदराबाद राज्यात होता, मराठवाडा 1956 मध्ये मुंबई राज्यात आला.)

कायद्यात परवान्याची सोय होती. प्रकृतीच्या कारणास्तव परवाना मिळविणे सुशिक्षित, सधन वर्गास शक्य होते. गिरणी कामगार व हमाल यांच्या वाट्याला हातभट्टीच आली. काळा गूळ व नवसागर यांपासून गाळलेली दारू रबरी ट्यूबमधून अड्ड्यांवर पोहोचे. हा व्यवहार एकट्याने होणारा नव्हता. गूळ पुरविणारा, भट्टी लावणारा, वाहणारा, पाळत ठेवणारा आणि हप्ता पोहोचविणारा अशी साखळी त्यास आवश्यक होती. फसवणूक झाल्यास न्यायालयात दाद मागता येत नसल्याने वाद मिटविणारा 'दादा' अपरिहार्य ठरला. बोरीबंदरवर हमाली केलेला वरदराजन मुदलियार याच व्यवसायातून धारावी, माटुंगा परिसरात प्रबळ झाला.

साठच्या दशकापासून बंदी शिथिल होत गेली. परंतु स्वस्त हातभट्टीची मागणी आणि तयार झालेली यंत्रणा मागे उरली. 2015 मध्ये मालवणी येथे विषारी दारूने शंभराहून अधिक बळी घेतले, ते याच उपेक्षित वर्गातील होते.

समारोप :
तथापि 'दारूबंदी फसते' एवढाच निष्कर्ष काढणे उतावीळपणाचे होईल. दारूने उद्ध्वस्त होणारा संसार ही ग्रामीण स्त्रीची रोजची वस्तुस्थिती आहे. गावातील दुकान बंद करण्यासाठी स्त्रिया मतदानाचा मार्ग अवलंबितात, तो त्यामुळेच. चंद्रपूर जिल्ह्यात 2015 मध्ये लागू झालेली बंदी 2021 मध्ये उठविताना अवैध विक्री व वाढती गुन्हेगारी हीच कारणे पुढे आली. कायद्याला व्यसनमुक्ती, पर्यायी रोजगार आणि निर्दोष अंमलबजावणी यांची जोड नसेल तर बंदीचा लाभ स्त्रीला न होता दादाला होतो. मुंबईचा इतिहास हेच सांगतो.