पुढचा जबडा, मागची जाळी

विजापूरच्या तटावरची मलिक-ए-मैदान तोफ पाहायला लोक लांबून जातात. ती तिथे परंड्याहून गेली आहे. १५४९ मध्ये महंमद बिन हसन रूमीने ती अहमदनगरला ओतली, पुढे ती परंड्याच्या किल्ल्यात आली आणि १६३२ मध्ये आदिलशाहीच्या मुरार पंडितांनी ती विजापूरला नेली. वजन सुमारे पंचावन्न टन. लांबी सव्वाचौदा फुटांच्या थोडी वर. तोंड सिंहाचे आणि उघड्या जबड्यात हत्ती. गोळा सुटायच्या आधीच समोरच्याची गाळण उडावी, एवढ्यासाठी हा जबडा. गोळा किती लांब जाणार याच्याशी त्याचा काही संबंध नाही.

ऑडी क्यू ३ गाडीची पहिली पिढी ४,३८५ मिलिमीटर लांब होती. फुटांत मांडले तर तीही सव्वाचौदाच्या थोडी वरच भरते. आणि जबडा तिलाही आहे.

संपादकांना परंड्याहून हवा होता तो ‘तालुक्याच्या गावात आलिशान गाडी’ असा हलकाफुलका मजकूर. मराठवाड्याला हा विषय नवा नाही. ऑक्टोबर २०१० मध्ये औरंगाबादच्या मंडळींनी एकगठ्ठा १५० मर्सिडीज घेतल्या, सुमारे ६५ कोटींच्या, तेव्हा देशभरच्या वर्तमानपत्रांनी त्याची बातमी केली होती. त्याच शहराच्या शेंद्रा औद्योगिक वसाहतीत स्कोडाने २००१ मध्ये कारखाना सुरू केला आणि पुढे ऑडीच्या गाड्यांची जुळणीही तिथेच होऊ लागली. क्यू ३ ची दुसरी पिढी भारतात ऑगस्ट २०२२ मध्ये ४४ लाख ८९ हजारांपासून बाजारात आली आणि मे २०२३ पासून तीही शेंद्र्यातच तयार होऊ लागली. म्हणजे गाडी जर्मन, पण तिचे नटबोल्ट आवळणारे हात आपल्याच भागातले. अधिकृत इतिहास एवढ्यात आटोपतो.

आता रूप. या जातीच्या गाडीला क्रॉसओव्हर म्हणतात. स्कॉर्पिओ किंवा फॉर्च्युनर ही लोखंडी चौकटीवर बसवलेली दणकट गाडी. क्रॉसओव्हरला तशी वेगळी चौकट नसते. ती मुळात मोटारच, फक्त उंच केलेली. पण दिसायला तिला जीपच्या रांगेत बसायचे असते. म्हणून चाकांच्या कमानींना काळे प्लास्टिक, बंपरखाली चंदेरी पट्टी आणि पुढे ती भलीमोठी जाळी. ऑडीने २००४ च्या सुमारास बंपरच्या वरची आणि खालची अशा दोन जाळ्या एकत्र करून एकच उभी जाळी केली. दुसऱ्या पिढीच्या क्यू ३ मध्ये ती अष्टकोनी झाली. इंजिन थंड ठेवायला एवढ्या तोंडाची गरज नसते. आरशात मागून येणारी गाडी दिसली की वाट सोडावीशी वाटावी, हे तिचे खरे काम. मला स्वतःला ही गाडी देखणी वाटते. कमरेवरची रेघ ताणलेली, दिवे बारीक, कुठे अवजड नक्षी नाही. परंड्याच्या चौकातले मत मात्र वेगळे पडले. ‘एवढ्या पैशात फॉर्च्युनर येते की! गाडीतनं उतरलेला माणूस लांबनं दिसला पाहिजे.’ पुढाऱ्यांच्या पांढऱ्या गाड्या बघत वाढलेल्या तालुक्यात या आक्षेपाला उत्तर नाही.

रूपाची चर्चा तिथेच राहिली, कारण बार्शी रस्त्याला मला एक मिस्त्री भेटले. नाव छापू नका म्हणाले, म्हणून मिस्त्रीच म्हणतो. जीप, ट्रॅक्टर, पिकअप यांत आयुष्य गेलेले. अलीकडे संगणकाला जोडायचा स्कॅनर घेतलेला. टेबलावर फडक्यात गुंडाळलेला एक छोटा पंप होता. तो त्यांनी माझ्या तळहातावर ठेवला.

‘ह्याच्यावर गाडी चिखलातनं निघते साहेब. आन् ह्याच्यामुळंच रुतते.’

हा हॅल्डेक्स कपलिंगचा पंप. ऑडीने १९८० मध्ये जिनिव्हाच्या प्रदर्शनात क्वाट्रो आणली, तिची चारही चाके कायम ओढायची. अनेक क्यू ३ गाड्यांच्या पाठीवरही ‘क्वाट्रो’ असते, पण आतली योजना निराळी आहे. इथे इंजिन आडवे आणि गाडी एरवी पुढच्याच चाकांवर चालते. मागच्या डिफरन्शियलपाशी तेलात बुडालेल्या क्लचप्लेटांची एक चळत असते. पुढची चाके घसरतील असे संगणकाला वाटले की विजेचा हा पंप तेलाचा दाब वाढवतो, प्लेटा एकमेकींवर आवळल्या जातात आणि ताकद मागे जाते. दाब किती, त्यावर मागे किती जोर जाणार ते ठरते. काम झाले की प्लेटा सैल. स्वीडनच्या हॅल्डेक्स कंपनीची ही युक्ती. तो व्यवसाय २०११ मध्ये बोर्गवॉर्नरने घेतला. वजन कमी, पेट्रोलची बचत आणि बदल इतका झटपट की आत बसलेल्याला कळतही नाही. इतक्या थोड्या सामानात इतके काम काढून घेणाऱ्याला सलामच करावा.

खोट आहे ती पंपाच्या तोंडाशी बसवलेल्या बारीक जाळीत. प्लेटा घासल्या की त्यांची भुकटी तेलात उतरते आणि या जाळीवर साचते. जाळी तुंबली की पंपाला जोर पडतो, तो तापतो आणि एक दिवस जळतो. तेल तीन-एक वर्षांनी बदलायचे असते, हे वेळापत्रकात असते. पंप काढून जाळी धुण्याचे सहसा नसते. त्यामुळे तेल नवे आणि जाळी जुनी, अशा गाड्या हिंडत राहतात.

आणि हे मालकाला कळत नाही. पुढची चाके ओढतच असतात, गाडी पुण्याला जाते, लग्नाला जाते, सोनारीच्या भैरवनाथाला जाऊन येते. दिवा लागेलच असे नाही. मिस्त्री म्हणाले, ‘बंद पडलेलं यंत्र बरं, बोंब तरी मारतं. हे म्हणजे बदलीच्या गावी रुजू न झालेला नोकर. हजेरी लागती, पगार निघतो, माणूस जागेवर न्हाई.’ मृगाचा पाऊस पडून काळी माती चाकाला धरायला लागली की मगच हजेरी तपासली जाते.

मी जाळी कशी धुतात ते पाहत बसलो. मिस्त्रींनी ती पेट्रोलमध्ये बुडवली, दात घासायच्या जुन्या ब्रशने अलगद फिरवली, उजेडाकडे धरून पुन्हा पाहिली. घाई नाही. या कामाला पैसे थोडे मिळतात, कारण गिऱ्हाइकाला फरक जाणवत नाही; जाणवायच्या आत केले तरच त्याचा उपयोग.

इथून पुढे रूप मागे पडते आणि अडचणींचीच यादी सुरू होते.

पहिली अडचण अंतराची. जवळच्या कुर्डूवाडीपासून बार्शीपर्यंत १८९७ मध्ये एव्हरार्ड कॅल्थ्रॉप यांची बार्शी लाइट रेल्वे धावू लागली. रूळ अडीच फुटी, आणि दर आसावर पाच टनांपेक्षा जास्त भार पडणार नाही अशी आखणी. यंत्रे विलायतेची होती, पण रचना इथल्या मातीला आणि खिशाला बघून केलेली, आणि दुरुस्तीचा कारखाना कुर्डूवाडीतच, मार्गाला लागून. ती गाडी शतकभर चालली त्यात या कारखान्याचा वाटा मोठा. आलिशान मोटारीचा अधिकृत कारागीर मात्र परंड्यापासून दूर मोठ्या शहरात असतो. एक सेन्सर गेला तरी गाडी ट्रकवर चढवावी लागते.

दुसरी अडचण टायरची. या गाड्यांची चाके बहुतेक अठरा इंची, टायरची भिंत जीपच्या मानाने बुटकी. गळिताच्या हंगामात उसाच्या ट्रॉल्यांनी कडा मोडलेल्या रस्त्यावर खड्डा आला की टायर फुटण्याआधी अलॉय चेपते. डिकीतले जादा चाक अरुंद, तात्पुरते. सावकाश जवळच्या गावापर्यंत जाण्यापुरते.

तिसरी गोष्ट इंधनाची, आणि ती तर या मातीतलीच. परंडा उसाचा तालुका. त्या उसापासून होणारे इथेनॉल आता पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत मिसळले जाते. शेतकऱ्याच्या बिलाला त्याने आधार मिळतो, हे नाकारून चालणार नाही. पण लिटरमागे इथेनॉलची ऊर्जा पेट्रोलच्या सुमारे दोन तृतीयांशच भरते. साध्या पेट्रोलसाठी बनवलेल्या आणि १० टक्के मिश्रणाला जुळवलेल्या चारचाकीचे ॲव्हरेज २० टक्के मिश्रणावर ६ ते ७ टक्के घटेल, असे नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यातच म्हटले आहे. शिवाय इथेनॉल हवेतले पाणी ओढते. एप्रिल २०२३ नंतरच्या गाड्यांचे रबर आणि नळ्या या मिश्रणाला धरून आहेत. त्याआधीच्या गाडीत, विशेषतः महिनाभर शेडमध्ये उभ्या राहणाऱ्या, इंधनाच्या नळ्या आणि सील तपासून घेणे शहाणपणाचे.

चौथी अडचण सगळ्यांत मोठी, कारण तालुक्याच्या गावात अशा गाड्या बहुतेक सेकंडहँड येतात. पुण्या-मुंबईत वॉरंटी संपली की किंमत झपाट्याने उतरते आणि नव्या मारुतीच्या पैशात ऑडी मिळते. मलिक-ए-मैदानचेही तसेच झाले होते. १८५४ मध्ये इंग्रजांनी ती मोडीत काढायला ठेवली, तेव्हा दीडशे रुपयांपलीकडे बोली गेली नाही, असे सांगतात. गाडी स्वस्त झाली तरी तिचे सुटे भाग स्वस्त होत नाहीत. गिअरबॉक्सची किंमत पन्नास लाखांच्या गाडीचीच राहते. जुन्या डिझेल गाड्यांत आणखी एक गुंता असतो. फोक्सवॅगन समूहाच्या धूर-घोटाळ्यानंतर, डिसेंबर २०१५ मध्ये, भारतात ऑडी, स्कोडा आणि फोक्सवॅगनच्या मिळून ३,२३,७०० गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलावण्याचे जाहीर झाले. एखादी गाडी त्यांतली होती का आणि तिचे काम झाले का, हे दलाल आपणहून सांगत नाही.

ही गाडी वाईट आहे, असे माझे म्हणणे नाही. नवी घेऊन, वॉरंटीत ठेवून, मोठ्या शहराच्या आसपास वापरणाऱ्याला ती उत्तम आहे. परंड्यात राहून जुनी घेणाऱ्याने मात्र तिचा जबडा पाहून भाव करू नये. टोकन देण्याआधी तीन कागद मागावेत: हॅल्डेक्सचे तेल आणि जाळी कधी झाली, ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचे तेल साठ हजार किलोमीटरच्या आत बदलले का, आणि डिझेल असेल तर टायमिंग बेल्ट कधी टाकला. तिन्ही मिळाले तर गाडी खुशाल घ्या. एक जरी नसेल, तर त्या कामाचा खर्च आधी किमतीतून वजा करा. विकणारा त्याला राजी नसेल, तर पुढची गाडी बघा.