फुटबॉलपटूचा दमसास कसा मोजावा?

राहुरी तालुक्यातील देवळाली प्रवरा हे ऊसपट्ट्यातील नगर. अशा ठिकाणी दिवसभर शेतात वा दुकानात राबून सायंकाळी फुटबॉल खेळणाऱ्या हौशी तरुणाला आपली तयारी वाढते आहे किंवा नाही, हे सांगणारा प्रशिक्षक बहुधा लाभत नाही. उत्तरार्धात पाय जड झाले की 'दम कमी पडला' एवढेच निदान होते आणि एका दिवसाच्या थकव्यावरून चांगला खेळाडू संघाबाहेर बसतो. नियमित नोंदी ठेवल्यास हा अन्याय टळू शकेल.

अमेरिकन हवाई दलातील डॉ. केनेथ कूपर यांनी १९६८ साली मांडलेली बारा मिनिटांच्या धावेची चाचणी याकामी सोयीची आहे. धावपट्टी नसली तरी अडत नाही. मोकळ्या मैदानात ६० मीटर लांब व ४० मीटर रुंद चौकोन आखून कोपऱ्यांवर विटा ठेवाव्यात, म्हणजे एक फेरी २०० मीटरची होते. बारा मिनिटांत बारा फेऱ्या झाल्यास अंतर २,४०० मीटर भरते. त्यातून ५०४.९ वजा करून ४४.७३ ने भागले असता प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता अंदाजाने निघते; येथे ती दर किलो वजनामागे दर मिनिटास सुमारे ४२ मिलिलिटर येईल. कोपऱ्यांवर वेग मोडत असल्याने हा आकडा धावपट्टीवरील आकड्याशी ताडू नये. तो स्वतःच्याच मागील महिन्याच्या आकड्याशी ताडावा.

फुटबॉल मात्र सलग धावण्याचा खेळ नव्हे. डेन्मार्कचे येन्स बांग्सबो यांची 'यो-यो' चाचणी त्यास अधिक जवळची आहे: वीस मीटर जाणे, वीस मीटर परतणे, दहा सेकंद विसावा आणि टप्प्याटप्प्याने वाढणारा वेग. त्याचे ध्वनिसंकेत मोबाइलवर वाजविता येतात. तीस मीटर धावेची वेळ हाताने घेतल्यास एक-दोन दशांश सेकंदांचा फरक बोटाच्या दिरंगाईनेही पडतो; त्यास प्रगती समजू नये.

चाचणी दर चार ते सहा आठवड्यांनी, त्याच वेळी, त्याच मैदानावर, त्याच बुटांनिशी घ्यावी. पावसाळ्यात काळी माती चिकटून आकडा घसरतो, तो खेळाडूचा दोष नव्हे. ताप, चक्कर वा छातीत दुखणे असल्यास चाचणी न घेता डॉक्टरांना दाखवावे.

वहीत आकड्याशेजारी पहाटेची नाडी, रात्रीची झोप आणि दिवसाचे काम अवश्य लिहावे. रात्रपाळीच्या विजेवर उसाला पाणी देऊन आलेल्या मुलाचे अंतर दोनशे मीटरने घटले, तर त्या एका ओळीवरून कारण उमगते. त्याची चाचणी आठवड्याने पुन्हा घ्यावी.