दुसऱ्या बहराची वर्षं

शिकागोजवळ, नेपरव्हिलच्या बाहेर आमची एक जुनी नर्सरी होती. गेल्या ऑक्टोबरात ती बंद झाली, जमीन बिल्डरकडे गेली. तेव्हापासून हायड्रेंजियाची वीस वर्षं डोक्यातून जात नाहीत.

त्याआधीच्या वर्षांबद्दल सांगण्यासारखं फारसं नाही. निळ्या-गुलाबी गेंदांच्या जातीला उन्हाळा सरताना काडीवर पुढच्या वर्षीचे डोळे धरतात आणि इथल्या जानेवारीत ते जळतात. मग वर्षानुवर्षं नुसती पानं. म्हणून जो तो पांढरी 'ॲनाबेल' लावायचा. ती इलिनॉयचीच, नव्या फुटीवर बिनतक्रार फुलणारी.

2004 मध्ये 'एंडलेस समर' बाजारात आली. मिनेसोटात, सेंट पॉलच्या एका परसात सापडलेलं हे झुडूप बेली नर्सरीच्या शेतात वाढत होतं. 1998 मध्ये जॉर्जिया विद्यापीठाच्या मायकेल डर यांनी ते हेरलं. जुन्या काडीवरचा बहर गेला तरी त्याच वर्षीच्या फुटीवर दुसरा येतो, हे त्याचं वैशिष्ट्य.

पुढची दहा वर्षं खरी सुखाची. नर्सरीचे म्हातारे मालक रोप देताना बजावून सांगत: ऑक्टोबरात कात्री लावायची नाही, वाळलेले गेंदही तसेच ठेवायचे. जमीन गोठायच्या सुमारास बुंध्याशी ओकच्या पानांचा जाड थर द्यायचा. मे महिन्यात काडी नखाने खरवडून बघायची. साल निघून खाली ओला हिरवा रंग दिसला तर ती जिवंत. मग वरून खाली येत पहिल्या फुगलेल्या डोळ्यांच्या जोडीवर कापायचं. हिरवळीचं नत्राचं खत जवळपास फिरकू द्यायचं नाही. आमची माती चुन्याची, त्यामुळे निळ्यासाठी गंधक घालावं लागे, तरी रंग जांभळ्यापर्यंतच यायचा. पण चांगल्या वर्षी जूनमध्ये एक बहर आणि गणपतीच्या सुमारास दुसरा. आमच्या गौरींपुढे त्या वर्षांत तेच गुच्छ असत.

कुंडीवर उन्हाळाभर फुलांचं वचन होतं, आणि त्या वचनाचा मला आजही राग आहे. दुसरा बहर आपोआप येत नाही. फूट लवकर निघाली, पाणी तुटलं नाही, तरच येतो. हे न सांगता झाडं विकली गेली. शरदात अंगणं साफ करणाऱ्या कंत्राटी टोळ्यांनी ती जमिनीसरशी छाटली आणि फुलं आली नाहीत की दुकानदारांनी आणखी खत गळ्यात मारलं. 6 जानेवारी 2014 ला ओहेअर विमानतळावर पारा उणे 27 अंशांवर उतरला. त्या वर्षी माझ्याकडे जुनी काडी एकही वाचली नाही. बुंध्यातून नवी फूट आली, पण ऑगस्टपर्यंत वाट बघण्याचा धीर शेजाऱ्यांना कोणी दिला नव्हता. गल्लीतली निम्मी झुडपं त्याच उन्हाळ्यात उपटली गेली.

यावर उत्तर म्हणून नवी नावं येत राहिली: त्याच वर्षी 'ब्लूमस्ट्रक', 2019 मध्ये 'समर क्रश'. झाडं वाईट नाहीत, 'ब्लूमस्ट्रक'च्या काड्या तर जास्त ताठ. पण नवं वाण हे माहितीला पर्याय कसं होईल? यंदा मोठ्या दुकानातून आणलेल्या कुंडीवरची पट्टी मी दोन्ही बाजूंनी वाचली. नाव होतं, पेटंटची ताकीद होती, फुलांचा फोटो होता. ऑक्टोबरात कापू नका, एवढी एक ओळ नव्हती.