पिस्टनच्या खालचे अर्धे इंजिन

सोलापूरच्या नवी पेठेतल्या एका वाचकाने विचारले आहे : आजोबांची लूना दुकानामागच्या बोळात कित्येक वर्षे पडून आहे, इंजिन जाम आहे. सुट्टीत ते स्वतः खोलून चालू करायची हौस आहे. पण पंपावर आता ई२० मिळते, म्हणजे २० टक्के इथेनॉल घातलेले पेट्रोल, आणि त्याने जुन्या इंजिनाची वाट लागते असे जो तो सांगतो. मग हा उद्योग करावा, की भंगारवाल्याला हाक मारावी?

करावा. शिकायला याहून सोपे इंजिन मिळणार नाही. इथेनॉलकडेही वळू. राज्यात सर्वाधिक साखर कारखाने असलेल्या जिल्ह्यांपैकी एकात बसून उसाच्या मद्यार्काला नावे ठेवायची, तर निदान हिशेब करून ठेवावीत. पण जाम लूनाचा खरा आजार बहुधा टाकीत नसतो, आणि हौशी माणूस ज्या पिस्टनकडे सगळ्यात आधी धावतो त्याच्या डोक्यावरही नसतो. तो पिस्टनच्या खाली असतो.

लूना आली १९७२ साली, बहात्तरच्या दुष्काळात. फिरोदियांच्या कायनेटिक इंजिनिअरिंगने ती अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, बनवली. मूळ घडण इटलीतल्या पियाजिओच्या ‘चाओ’ या मोपेडची. त्याच वर्षी पुण्याजवळ आकुर्डीहून बजाजची चेतक निघाली. म्हणजे महाराष्ट्राच्या मध्यमवर्गाला चाकांवर बसवणाऱ्या दोन गाड्या एकाच वर्षी आल्या, आणि दोन्ही टू-स्ट्रोक. लूनाचे इंजिन अवघे ५० सीसीचे. पिस्टनच्या एका फेरीला आत जाते ५० मिलिलीटरच्या आसपास हवा आणि तिच्यासोबत सुमारे ४ मिलिग्रॅम पेट्रोल, एका थेंबाचा जेमतेम चौथा हिस्सा. मिनिटाला ५,००० फेरे धरले तर हे मोजमाप सेकंदाला ८३ वेळा बिनचूक व्हावे लागते. आणि एवढ्या भांडवलावर ही गाडी दोन माणसे आणि मध्ये चादरींचा गठ्ठा घेऊन बाजारातून निघत असे.

फोर-स्ट्रोक इंजिनात पिस्टनला धूर बाहेर ढकलायला एक आणि ताजी हवा ओढायला एक अशा दोन खेपा मोकळ्या मिळतात. टू-स्ट्रोकला ती चैन नाही. खाली जाताना स्फोट, वर येताना दाब, संपले. मग धूर घालवून नवे मिश्रण आत ढकलायचे कोणी? डुगल्ड क्लर्क या स्कॉटिश इंजिनिअरने १८८१ च्या पेटंटमध्ये त्यासाठी शेजारी दुसरा सिलिंडर बसवला, निव्वळ पंपाच्या कामाला. इंजिन चालले, पण सुटसुटीतपणा गेला. पुस्तकांत टू-स्ट्रोकच्या जन्माची गोष्ट बहुधा क्लर्क आणि कार्ल बेन्झ यांच्यापाशी संपते. मला मात्र त्यानंतरचे दोघे आवडतात.

पहिला जोसेफ डे. जन्म १८५५ चा, इंग्लंडमधल्या बाथ या गावी कारखाना. १८९१ मध्ये त्याने जे पेटंट घेतले त्यामागचा विचार इतका उघड आहे की तो आधी कुणाला का सुचला नाही, याचे आश्चर्य वाटते. पिस्टन खाली येतो तेव्हा त्याच्या वरच्या तोंडावर स्फोटाचा दाब असतो. पण खालचे तोंडही काहीतरी दाबतच असते की. मग क्रँकभोवतीची पोकळी चहूबाजूंनी बंद करून टाकली, तर तीच पंप होईल. लोहाराचा भाता आठवा. वर उचलला की हवा ओढतो, खाली दाबला की नळीतून आगीवर सोडतो. डेच्या इंजिनात पिस्टन वर चढताना खालचा भाता कार्बोरेटरमधून मिश्रण ओढतो आणि उतरताना तेच मिश्रण बाजूच्या वाटेने वरच्या आगीकडे लोटतो. भाता आणि भट्टी एकाच नळकांड्यात, आणि दोघांच्या मध्ये पिस्टन.

डेच्या पहिल्या आराखड्यात तरीही झडपा होत्या. त्या काढून टाकल्या त्याच्याच कारखान्यातल्या फ्रेडरिक कॉक याने. कॉकने सिलिंडरच्या भिंतीत तिसरे भोक पाडले. पिस्टन वर गेला की त्याची खालची कड ते भोक उघडते आणि मिश्रण आत येते. पिस्टन खाली आला की झाकते. झाले! झडप नाही, कॅम नाही, स्प्रिंग नाही. हलणारे भाग तीन : पिस्टन, कनेक्टिंग रॉड आणि क्रँक. पुढे शेतातले फवारे, लाकूड कापायच्या करवती, होडीची इंजिने, आपल्या रिक्षा, स्कूटर आणि मोपेड, सगळे या विचारावर चालले. प्रत्येकाने भोकांची जागा बदलली, कुणी चकतीची झडप बसवली, पण भाता डेचाच राहिला. डेने स्वतः पुढे पूर्व इंग्लंडमध्ये खनिज तेल शोधण्यात पैसा घातला आणि तो बुडाला. १९४६ मध्ये तो गेला तेव्हा त्याचे नाव फारसे कुणाच्या स्मरणात नव्हते. आणि कॉकचे नाव तर डेच्या गोष्टीतही तळटीपेत येते. डिझेल आणि ऑटो या इंजिनकर्त्यांची नावे शाळेतल्या पोरालाही ठाऊक. ही विषमता मला बोचते.

डेच्या कल्पनेत खोटही आहे, तीही सांगायला हवी. नवे मिश्रण धुराला ढकलते तेव्हा त्यातले काही न जळताच सायलेन्सरवाटे निघून जाते. टू-स्ट्रोकचा निळसर धूर आणि पेट्रोलचा वास त्यातलाच. प्रदूषणाचे नियम कडक होत गेले तेव्हा ही इंजिने गेली ती अन्यायाने गेली नाहीत.

आता बोळातल्या लूनाकडे. भाता फाटला तर लोहार कोळसा बदलत बसत नाही, आधी चामड्याला ठिगळ लावतो. लूनाच्या भात्याचे चामडे म्हणजे क्रँकच्या दोन्ही टोकांना बसवलेली रबरी ऑइल सील आणि क्रँककेसच्या दोन अर्धुकांमधले पॅकिंग. भट्टीच्या बाजूला दाब कित्येक पट होतो. खालच्या पोकळीत तो जेमतेम दीडपटीपर्यंत चढतो. इतक्या हलक्या दाबावर सगळा कारभार असल्याने बारीकशी गळतीही परवडत नाही. सोलापूरच्या उन्हाळ्यात वर्षानुवर्षे कोरडी राहिलेली सील कडक होते, तिची कड शाफ्टला धरत नाही. पिस्टन वर जाताना भाता कार्बोरेटरऐवजी या फटीतून हवा ओढतो. त्या हवेत पेट्रोल नसते, आणि टू-स्ट्रोकचे ऑइल पेट्रोलमध्येच मिसळलेले असल्याने ऑइलही नसते. म्हणजे इंजिन जास्त तापते आणि त्याच वेळी त्याचे वंगण कमी होते.

तापल्यावर काय होते ते सरळ गणित आहे. ॲल्युमिनियम बिडाच्या दुपटीने प्रसरण पावते. ३८ मिलिमीटरचा पिस्टन आणि त्याभोवतीचा बिडाचा सिलिंडर दोन्ही १५० अंशांनी तापले, तर पिस्टन सुमारे ०.०७ मिलिमीटर जास्त फुगतो. प्रत्यक्षात पिस्टन भिंतीपेक्षाही गरम असतो. दोघांत ठेवलेली फट याच मापाची असते. फट संपली, ऑइल नाही, इंजिन जाम.

म्हणून जाम इंजिन खोलताना आधी निदान करा. प्लग काढून भोकातून डिझेल किंवा पातळ ऑइल सोडा आणि थांबा. वरून हातोडा मारू नका. यूट्यूबवर दहा मिनिटांत गंजक्या इंजिनाला नवरी करून किक मारणारे लोक हे थांबणे कापून टाकतात. सिलिंडर निघाल्यावर भिंत पाहा. तांबूस गंज आणि चिकटलेल्या रिंगा असतील तर इंजिन पडून पडून जाम झाले आहे. साफसफाई आणि नव्या रिंगांवर भागेल. पिस्टनच्या अंगावर उभे ओरखडे आणि भिंतीला लागलेले चंदेरी ॲल्युमिनियम दिसले तर ते धावताना जाम झाले आहे. तेव्हा लेथवाल्याकडून बोअर करून ओव्हरसाइज पिस्टन टाकावा लागेल, आणि सील बदलली नाही तर तोही जाईल. डोक्यावरचा काळा कार्बन कोरडा खरवडू नका. शिसेविरहित पेट्रोल देशभर सक्तीचे झाले २००० साली. त्याआधीच्या कार्बनमध्ये शिशाची संयुगे असू शकतात. ऑइलने ओला करून काढा, हात धुवा.

पॉइंटला पॉलिश पेपर, नवा कंडेन्सर, जेट आणि कार्बोरेटर साफ, टाकीतला गंज साफ : ही कामे कुठलाही जुना मिस्त्री दाखवील. सायलेन्सरमधला कार्बन मात्र विसरला जातो, आणि तो चोंदलेला असेल तर बाकी सगळे नवे टाकूनही गाडी चढ चढत नाही.

भात्याच्या परीक्षेची युक्ती जगभरच्या हौशी लोकांत चालते आणि मला ती फार प्रिय आहे. रक्तदाब मोजायचे डायलचे यंत्र घ्या, त्याचा दंडाचा पट्टा काढा. कार्बोरेटर आणि सायलेन्सर जोडायची तोंडे रबराचा तुकडा आणि पट्टी लावून बंद करा, पिस्टन अगदी खाली आणा म्हणजे वरची-खालची पोकळी एक होते, आणि प्लगच्या भोकातून बल्बने हवा भरा. डायलवरचा ३०० चा आकडा म्हणजे वातावरणाच्या दाबाहून सुमारे ०.४ पट जास्त दाब, आणि या परीक्षेला नेमका तेवढाच हवा. एका मिनिटात काट्याची घसरण पन्नासच्या आत राहिली तर चालेल. धाडकन पडला तर साबणाचे पाणी लावा. बुडबुडे बहुधा मॅग्नेटच्या बाजूच्या सीलपाशी येतील.

राहिले ई२०. पेट्रोलच्या पूर्ण ज्वलनाला वजनाने साधारण १४.७ पट हवा लागते, इथेनॉलला फक्त ९ पट, कारण त्याच्या रेणूत ऑक्सिजन आधीच आहे. त्यामुळे जुन्या जेटमधून ई२० सोडले तर मिश्रण सात-आठ टक्क्यांनी पातळ होते. उपाय : मेन जेट एखाद-दोन नंबर मोठा. लिटरमागे ऊर्जाही सुमारे सात टक्के कमी, म्हणजे ॲव्हरेज थोडे पडणार. रबराची तक्रार खरी आहे. जुनी पेट्रोलची नळी आणि कार्बोरेटरमधली रबरे इथेनॉलने फुगतात किंवा तडकतात, पण ती तशीही टाकायचीच होती. इथेनॉल टाकीतला जुना चिकटा सोडवून जेटपर्यंत आणते, म्हणून टाकी आधी साफ हवी. पाणी शोषून पेट्रोलचे दोन थर होतात ही भीती मुख्यतः समुद्रकाठच्या दमट हवेतल्या, होड्या बाळगणाऱ्या लोकांची. सोलापूरच्या कोरड्या उन्हाळ्यात ती बरीचशी आयात केलेली आहे; पावसाळ्यात गाडी पडून राहणार असेल तर टाकी आणि कार्बोरेटर रिकामे करून ठेवले की झाले. इथेनॉलपासून इंजिन वाचवणाऱ्या बाटल्यांवर पैसे घालण्याआधी त्याच पैशांत दोन ऑइल सील घ्या.

गाडी रस्त्यावर आणायची असेल तर १५ वर्षांपुढची नोंदणी नव्याने करून घ्यावी लागते, तो उद्योग वेगळा. नुसते इंजिन स्टँडवर चालवायला कुणाची परवानगी नको, मोकळी हवा मात्र हवी; धूर घरात कोंडू देऊ नका. सुरुवातीला लिटरमागे ४० मिलिलीटर टूटी ऑइल, ॲक्सिलरेटर बेताचा, मध्ये मध्ये विश्रांती. मग प्लग काढून बघा. फिकट चॉकलेटी असेल तर उत्तम, काळा-ओला असेल तर जेट मोठा झाला किंवा ऑइल जास्त पडले. पांढरा निघाला तर साखर कारखान्यांना शिव्या देण्याआधी रक्तदाबाचे यंत्र पुन्हा लावा.