लहान मुले आणि मोबाईलवरील खेळ : शिक्षकाचे कार्य

प्राथमिक शाळेतील पालकसभेत हल्ली एक प्रश्न हमखास निघतो : "गुरुजी, पोरगं मोबाईल खाली ठेवत नाही. त्याला खेळू द्यावं, की काढूनच घ्यावा?" बहुतेक शिक्षक "काढून घ्या" असे उत्तर देतात. पालक मान डोलावून घरी जातात, आणि दुसऱ्याच दिवशी संध्याकाळी स्वयंपाकाच्या वेळी रडणाऱ्या मुलाच्या हाती मोबाईल पुन्हा दिला जातो. म्हणून या प्रश्नाचा थोडा खोलवर विचार होणे अगत्याचे आहे.

प्रश्नाचे मूळ

मार्च 2020 मध्ये कोरोनाच्या साथीमुळे शाळा बंद झाल्या. ग्रामीण भागातील चौथीपर्यंतचे वर्ग रीतसर उघडावयास डिसेंबर 2021 उजाडला. मधल्या काळात पाठ व स्वाध्याय मोबाईलवरूनच पाठविले जात होते, आणि अनेक शेतकरी व मजूर कुटुंबांनी पोटाला चिमटा घेऊन मुलांसाठी मोबाईल घेतले. म्हणजे ज्या वस्तूविषयी आज तक्रार होते, ती घरात आणावयास शाळेनेही सांगितले होते. ही गोष्ट ध्यानी ठेवली म्हणजे शिक्षकाच्या तोंडी पालकांविषयी दोषारोपाची भाषा येणार नाही.

या खेळांचे स्वरूप

विटीदांडू, लगोरी किंवा सूरपारंबी हे खेळ आपोआप संपतात. विटी हरवते, पाय दमतात, अंधार पडतो, घरातून हाक येते. मोबाईलवरील खेळाला असा शेवट नसतो. एक टप्पा ओलांडला की दुसरा लगेच उघडतो. कधी लहानसे, कधी अनपेक्षित मोठे बक्षीस मिळते, व पुढचे बक्षीस केव्हा येईल हे ठाऊक नसल्याने हात थांबत नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा यावे म्हणून नवे आमिष ठेवलेले असते. यांतील पुष्कळ खेळ फुकट मिळतात. जाहिराती आणि खेळाच्या आतील खरेदी यांवर ते करणाऱ्यांचे उत्पन्न अवलंबून असते. साहजिकच मूल जितका वेळ गुंतून राहील तितका त्यांचा लाभ अधिक. मोठ्या माणसांसही जेथे स्वतःस आवरणे कठीण जाते, तेथे सात वर्षांच्या मुलास केवळ हट्टी म्हणणे न्यायाचे नव्हे.

दुसरा भेद असा, की लगोरीत गडी बाद झाला की नाही हे मुलांनाच ठरवावे लागते. ती भांडतात, रुसतात, एक पाऊल मागे घेतात आणि पुन्हा खेळू लागतात. मोबाईलमध्ये नियम यंत्राने आधीच ठरविलेले असतात. तेथे समजूत घालावी लागत नाही, व ती घालण्याचे शिक्षणही मिळत नाही.

तथापि या खेळांत काहीच गुण नाही असे म्हणणे योग्य होणार नाही. अमेरिकेतील रॉचेस्टर विद्यापीठात 2003 साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात, वेगवान खेळ खेळणाऱ्यांचे दृष्टीचे अवधान अधिक तल्लख असल्याचे आढळले. परंतु ते प्रयोग तरुणांवर झाले होते. त्यांचा दाखला देऊन पहिली-दुसरीच्या मुलास तासन्‌तास खेळू देणे हे अनुमान चुकीचे होय.

वयाप्रमाणे मर्यादा

जागतिक आरोग्य संघटनेने 2019 साली पाच वर्षांखालील मुलांविषयी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. त्यांनुसार एक वर्षाच्या आत मुलास पडद्यासमोर मुळीच बसवू नये, व दोन ते चार वर्षांच्या मुलांचा बैठा पडद्याचा वेळ दिवसास एका तासाहून अधिक नसावा. त्याहून कमी तितके बरे. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनेही दोन वर्षांखाली पूर्ण वर्ज्य, पाच वर्षांपर्यंत एक तास व पाच ते दहा या वयात दोन तासांहून कमी, अशी मर्यादा सुचविली आहे. यात दूरचित्रवाणी व इतर पडदेही धरलेले आहेत, हे पालकांस स्पष्ट करून सांगावे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणात 1 जानेवारी 2022 पासून खेळविषयक विकाराचा समावेश झाला आहे. खेळावरील ताबा सुटणे, इतर सर्व गोष्टींहून खेळास अग्रक्रम मिळणे आणि नुकसान दिसत असूनही खेळ चालू राहणे, ही त्याची लक्षणे असून ती साधारणतः वर्षभर दिसावी लागतात. म्हणून खेळात रमलेल्या प्रत्येक मुलास व्यसनी ठरवू नये. मात्र मूल झोप, जेवण व सवंगडी सोडू लागले, तर पालकांस वैद्यकीय सल्ला घेण्यास सुचवावे.

मोहित्यांचे वडगाव येथील प्रयोग

सांगली जिल्ह्यातील कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव हे सुमारे तीन हजार वस्तीचे गाव आहे. शाळा पुन्हा सुरू झाल्यावर मुले लिहिण्यावाचण्यास कंटाळतात व शाळेआधी आणि शाळेनंतर मोबाईलमध्ये गढून जातात, असे तेथील शिक्षकांच्या ध्यानात आले. शिवाय घरांत अभ्यासाची वेगळी खोली नाही. मूल पुस्तक घेऊन बसले तरी शेजारीच दूरचित्रवाणी चालू. तेव्हा एकट्या मुलाचा मोबाईल काढून घेऊन भागणार नव्हते.

सरपंच विजय मोहिते यांनी ग्रामसभेपुढे सूचना मांडली. आरंभी पुरुषमंडळींनी तिची थट्टा केली. स्त्रियांनी मात्र आपणही मालिकांत गुंतून पडतो हे मोकळेपणी मान्य केले व गावाने मिळून हे करावे असे सांगितले. 14 ऑगस्ट 2022 रोजी निर्णय झाला आणि दुसऱ्या दिवसापासून, स्वातंत्र्यदिनापासून, तो अमलात आला. सायंकाळी सात वाजता देवळावरील भोंगा वाजे, आणि साडेआठपर्यंत घरोघरचे मोबाईल व दूरचित्रवाणी बंद राहत. पहिल्या दिवसांत हे सहज झाले नाही. आशा सेविका, अंगणवाडी सेविका, ग्रामपंचायतीचे कर्मचारी व निवृत्त शिक्षक यांना घरोघरी फिरून विनवावे लागले.

या प्रयोगाचे मर्म भोंग्यात नाही. तो नियम मुलांपुरता नव्हता. बाप, आई, आजोबा, सर्वांस तो सारखाच लागू होता, हे त्याचे मर्म होय. स्वतः पडद्याकडे पाहत "तू अभ्यास कर" असे सांगणाऱ्या वडिलांचे मूल ऐकत नाही, हा प्रत्येक शिक्षकाचा अनुभव आहे.

रिकाम्या वेळी काय?

मोबाईल बंद केल्याने मिळालेला वेळ रिकामा राहिला, तर मूल पुन्हा तिकडेच वळेल. सातारा जिल्ह्यातील महाबळेश्वर तालुक्यातील भिलार हे 4 मे 2017 पासून पुस्तकांचे गाव झाले. तेथे पुस्तके एका इमारतीत कोंडून न ठेवता घरांत, देवळांत व शाळेत, येणाऱ्याजाणाऱ्याच्या हाताशी मांडण्यात आली. हाताशी असेल ते उचलले जाते, हा त्यामागील साधा विचार प्रत्येक शाळेस उपयोगी आहे. शाळेच्या कपाटातील कुलूपबंद गोष्टींची पुस्तके मुलांच्या दप्तरांतून घरी जाऊ द्यावीत. दोनचार पाने फाटली तरी चालतील.

शिक्षकांनी पालकांस काय सांगावे

1. पाच वर्षांखालील मुलास मोबाईलवरील खेळाची गरज नाही. जेवू घालण्यासाठी वा रडे थांबविण्यासाठी मोबाईल देण्याची सवय लावू नये.

2. त्याहून मोठ्या मुलास खेळू द्यावयाचे झाल्यास वेळ आधी ठरवावी, व मुलाने मोठ्यांच्या नजरेसमोर बसून खेळावे. टप्पा पुरा होताच थांबण्याचा ठराव खेळ सुरू होण्यापूर्वीच करावा. मध्येच मोबाईल हिसकावून घेऊ नये.

3. निजण्यापूर्वी तासभर व अंथरुणात मोबाईल नसावा.

4. पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांवर 2025 साली संसदेने कायद्याने बंदी घातली. परंतु पैज नसलेले खेळ चालूच आहेत. म्हणून ज्या मोबाईलवरून पैशांचे व्यवहार होतात तो मुलाच्या हाती देऊ नये, आणि अनोळखी माणसाशी खेळातून बोलू देऊ नये.

5. घरात सर्वांनी मिळून पडदा बंद ठेवण्याची एक वेळ असावी, मग ती अर्ध्या तासाची का असेना.

हा शेवटचा नियम शाळेसही लागू आहे. माहिती पाठविण्याच्या निमित्ताने शिक्षकांस वारंवार मोबाईल हाती घ्यावा लागतो, ही अडचण खरी आहे. परंतु मुलांस त्यामागील कारण दिसत नाही. गुरुजी खाली मान घालून पडद्याकडे पाहत आहेत, एवढेच दिसते. अशी कामे वर्गाबाहेर, मधल्या सुट्टीत किंवा शाळा सुटल्यावर उरकावीत, आणि संध्याकाळी मुलांस घरी धाडण्यापूर्वी अर्धा तास त्यांच्यासमवेत मैदानावर उतरावे. लगोरीचे सात दगड कोणत्याही गावात मिळतात. पुढील पालकसभेत तोच प्रश्न निघेल, तेव्हा अशा शिक्षकाच्या उत्तरास पालकांच्या मनात वजन राहील.